बांध कुणी कोरला ते आधी विचारा

आज दुपारी नात्यातल्या एका बारशाला गेले होते. पंगत बसली, जिलबी वाढून झाली आणि समोरच्या ओळीतले एक काका (बँकेतून निवृत्त झालेले, रोज दोन पेपर वाचणारे) युक्रेनचा विषय काढून म्हणाले, "लहान देशांनी आपली पायरी ओळखून राहावं. रशियाच्या दारात राहायचं आणि सोयरीक अमेरिकेशी करायची, मग मार बसणारच." आजूबाजूचे चार-पाच जण हसले. दुसऱ्याच्या घरचं कार्य म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन साडीही बदललेली नाही, आधी हे लिहायला बसलेय.

माझी लेक जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला, एमबीबीएस करते हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले होते. तिच्या घरमालकिणीला ती देइदा म्हणते, जॉर्जियन भाषेत मावशी. त्या देइदाने एका रविवारी आम्हाला गोरी शहराजवळच्या एका खेड्यात भावाकडे नेलं. वाटेत पोलिसांनी पासपोर्ट बघितले. भावाच्या घरामागे अक्रोडाची झाडं, आणि झाडांच्या मधूनच काटेरी तार गेलेली. तारेपाशी हिरवी पाटी: ही राष्ट्राची सरहद्द आहे, पलीकडे जायला बंदी. कुठलं राष्ट्र, तर दक्षिण ओसेशिया! २६ ऑगस्ट २००८ ला रशियाने मान्यता दिली, पाठोपाठ निकाराग्वा, व्हेनेझुएला अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या देशांनी दिली. बाकी सगळ्या जगाच्या लेखी ती जमीन जॉर्जियाचीच आहे.

पलीकडची झाडं कुणाची, असं विचारताना मी हात वर केला, तर देइदाच्या भावाने माझा हात धरून खाली केला. तिकडे बोट दाखवायचं नाही म्हणाला. मग हळू आवाजात सांगितलं. तार आधी ओढ्याच्या पलीकडे होती. एका सकाळी उठून बघतात तर खांब अलीकडे आलेले. नऊ झाडं होती, तीन राहिली. उरलेल्या सहांचे अक्रोड डोळ्यांदेखत खाली पडून कुजतात. वेचायला गेलं तर धरून नेतात.

याला आपल्याकडे बांध कोरणं म्हणतात. माझ्या माहेरी शेजारच्या भाऊबंदाने दर पेरणीला नांगराचं एकेक तास आमच्या रानात सरकवत नेलं होतं. आबांचं निम्मं आयुष्य मोजणी, तलाठी आणि कोर्टाच्या तारखा यांत गेलं. त्या काकांच्या गावाकडच्या बांधाचीही केस होती, मला चांगली आठवते. तेव्हा कुणी त्यांना पायरी ओळखून राहायला सांगितलं असतं तर?

आणि हे एका रात्रीत होत नाही. रशियाने आधी दक्षिण ओसेशिया आणि जॉर्जियातूनच फुटलेल्या अबखाझियातल्या लोकांना रशियन पासपोर्ट वाटायचे. २००६ मध्ये जॉर्जियाच्या वाइनवर आणि बोर्जोमी या तिथल्या प्रसिद्ध खनिज पाण्यावर बंदी घालायची. मग २००८ च्या ऑगस्टमध्ये 'आमच्या नागरिकांचं रक्षण' म्हणून रणगाडे आणायचे. पाच दिवसांच्या त्या युद्धानंतर देशाचा पाचवा हिस्सा जॉर्जियाच्या हातात राहिलेला नाही. तिबिलिसीतल्या कितीतरी कॅफेंच्या दारावर हेच लिहिलेलं आहे, आत शिरताना वाचावंच लागतं.

हो, युद्ध पेटलं त्या रात्री दक्षिण ओसेशियाच्या राजधानीवर, त्स्खिनवालीवर, तोफा आधी जॉर्जियाचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष साकाश्विली याने डागल्या, तिथले ओसेशियन लोकही मेले, मान्य. अमेरिकेने इराकमध्ये केलं तेही पापच. पण म्हणून या माणसाची सहा झाडं गेली ते बरोबर झालं का?

१९७१ तर लगेच निघतंच. सोव्हिएत संघ आपल्या पाठीशी उभा राहिला, मी नाही म्हणतच नाही. पण त्या सोव्हिएत संघात युक्रेन होता, जॉर्जिया होता. मग उपकार एकट्या मॉस्कोचे कसे?

पायरी ओळखून राहणाऱ्यांचं काय झालं तेही बघा. युक्रेनने १९९४ ला बुडापेस्टमध्ये करार केला, आपल्याकडची सगळी अण्वस्त्रं देऊन टाकली आणि बदल्यात सरहद्दींचा मान राखू असा शब्द घेतला. शब्द देणाऱ्यांत रशिया होता. २०१४ ला क्रिमिया गेला, २०२२ ला राजधानीवर रणगाडे आले. मोल्दोवातून फौज काढून घेऊ असं १९९९ ला इस्तंबूलमध्ये कबूल केलं होतं, ती अजून मोल्दोवातून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रिया पट्ट्यात बसलेली आहे. फिनलंड इतकी वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेवटी तोही एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला. १,३०० किलोमीटरहून लांब सरहद्द रशियाला लागून असलेल्या देशाला हौस होती का? भीतीने गेला.

फेब्रुवारी २०२२ विसरलात का हो? खारकीव्हच्या तळघरांत आपल्या महाराष्ट्रातलीही पोरं बसली होती. त्यांच्या आया इथे रात्र रात्र फोन धरून होत्या. मीही तेव्हा लेकीला सारखी विचारत होते, तुमच्याकडे काही नाही ना, तुमच्याकडे काही नाही ना. देइदा तिला म्हणाली, आईला सांग, आमच्याकडे होऊन गेलंय.

एवढं लिहिल्यावर राग थोडा उतरला. काका वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात रात्री दोन वाजता गाडी घेऊन आले होते ते हेच. त्यांनी ती तार पाहिलेली नाही. मीही तिबिलिसीला जायच्या आधी असंच काहीतरी बोलले असेन.

पण त्या माणसाने माझा हात खाली केला तो स्पर्श अजून मनगटावर आहे. स्वतःच्या परसात उभं राहून स्वतःच्या झाडाकडे बोट दाखवायला तो भितो. नोव्हेंबर २०२३ मध्ये किर्बाली गावात चर्चला गेलेल्या एका माणसाला रशियन सैनिकांनी गोळ्या घालून मारलं. उगाच भीत नाही तो.

मघाशी लेकीला फोन केला. देइदाचा भाऊ आज गावाहून आलाय, अक्रोड घेऊन. यंदा किती झाले ते विचार म्हटलं. पलीकडे बराच वेळ बोलणं चाललं होतं, मग ती म्हणाली, दीड पोतं. त्यातलं अर्धं देइदाने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.