तबकडीच्या मागच्या बाजूची नावे

गेली सात वर्षे मी नाशिकमध्ये शास्त्रीय गायन शिकते आहे आणि गेल्या दोन वर्षांपासून त्याच्या जोडीने घरच्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगही शिकते आहे. तुझ्यावर कोणकोणत्या कलाकारांचा प्रभाव आहे, असे मला अनेकजण विचारतात आणि मी प्रत्येक वेळी गायक-गायिकांचीच नावे सांगत आले. संगीताच्या परीक्षांत मी आजवर ज्यांची जीवनचरित्रे लिहिली, तेही सगळे गाणारे, वाजवणारे किंवा ग्रंथकार होते. मात्र यांपैकी बहुतेकांना मी कधीही समोर बसून ऐकलेले नाही. मी त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या, म्हणजे मायक्रोफोन कुठे ठेवायचा, किती वेळ गाऊ द्यायचे आणि काय जपून ठेवायचे हे दुसऱ्या कोणीतरी ठरवल्यानंतर उरलेले गाणे ऐकले. त्या दुसऱ्या माणसाचाही माझ्या गाण्यावर प्रभाव आहे, हे मला फार उशिरा कळले. आज त्याच माणसांविषयी लिहावेसे वाटते.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. मराठीत निर्माता म्हटले की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. संगीतकार चाल बांधतो, संयोजक वाद्यमेळ लिहितो, रेकॉर्डिस्ट आवाज टिपतो. पण या सगळ्यांच्या मध्ये बसून ‘हे राहू दे, ते काढ, पुन्हा एकदा गा’ असे सांगणाऱ्या माणसाला आपल्याकडे वेगळे नाव नाही. म्हणून आम्ही विद्यार्थी ‘म्युझिक प्रोड्युसर’ असेच म्हणतो आणि या पोस्टमध्येही मी तोच शब्द वापरणार आहे.

मला पहिल्यांदा विचार करायला लावले ते द. वि. पलुसकरांच्या गाण्याने. ते आमच्या नाशिकचे. त्यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी इथेच झाला. त्यांचे वडील विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभारला. द. वि. पलुसकर १९५५ मध्ये गेले तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. त्यांच्या आयुष्याचा बराचसा काळ मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा होता आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. मी जेव्हा त्यांच्या या छोट्या मुद्रणांची बरहुकूम नक्कल करू लागले, तेव्हा आमच्या गाण्याच्या बाईंनी मला थांबवले. त्या म्हणाल्या, ‘अगं, ही बढत, म्हणजे रागाचा हा विस्तार, मैफलीची नाही, तबकडीची आहे. घड्याळ बघून गायलेय हे.’ त्या दिवशी घरी येऊन मी तेच मुद्रण हातात घड्याळ घेऊन ऐकले. पहिल्या काही सेकंदांतच रागाचे पूर्ण रूप समोर ठेवलेले, स्थायीनंतर, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागानंतर, जवळजवळ लगेच दुसरा भाग, अंतरा, तानांना मोजकी जागा आणि शेवटी कुठेही घाई न जाणवता सम. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे आपल्या गायकांनी या एवढ्या मोजक्या वेळात राग मांडण्याची एक स्वतंत्र कारागिरी विकसित केली. पलुसकरांचे मोठेपण त्या मुद्रणांत आहेच, परंतु त्या मुद्रणांचा आकार मात्र यंत्राने आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाने ठरवलेला आहे. हे न कळल्याने मी कित्येक महिने एका तांत्रिक मर्यादेला घराण्याची शिस्त समजून तिचा रियाज करत होते.

मराठी माणसाने या बाबतीत सर्वांत आधी आठवावे असे नाव माझ्या मते जी. एन. जोशी यांचे आहे. ‘रानारानात गेली बाई शीळ’ हे त्यांनी गायलेले भावगीत आजीच्या पिढीला पाठ होते आणि त्यांची तेवढीच ओळख बहुतेकांना असते. परंतु वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या गायकाने पुढे एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत अनेक वर्षे ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेचे निर्माते तेच होते. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून पुढे पुढे सरकत जातो, अशी तिची कल्पना आहे. सुरुवात अहिर भैरव या रागाने होते, मग नट भैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी येतो. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. तिघे मुख्य वादक तिशीच्या आतबाहेरचे होते, आणि संतूर व गिटार या दोन वाद्यांना शास्त्रीय संगीताच्या व्यासपीठावर अजून आपली जागा सिद्ध करायची होती.

ही ध्वनिमुद्रिका मी हेडफोन लावून किमान पन्नास वेळा ऐकली असेन. तिच्यातून मी जे शिकले ते एका वाक्यात सांगायचे तर, एक वाद्य बोलत असताना दुसऱ्याने काय करू नये हे शिकले. संतूरचा स्वर छेडला की लगेच विरू लागतो, बासरीचा श्वासाइतका टिकतो आणि काब्रांच्या गिटारवर सरकत जाणारी मींड या दोहोंच्या मधली आहे. तिघे एकाच वेळी भरभरून वाजले असते तर सगळा चिखल झाला असता. तसे ते कुठेच वाजत नाहीत. एकट्या वादकाची मैफल ज्या संगीताचा आदर्श आहे, त्यात तिघांना मिळून एक गोष्ट सांगायला लावणे आणि तरीही रागाला धक्का लागू न देणे यासाठी स्वतः गायलेला, राग ओळखणारा कान समोर बसलेला असावा लागतो. जोशींना केवळ कंपनीचे अधिकारी म्हणणे म्हणूनच मला अपुरे वाटते.

आता आमच्या पंचवटीतील प्रत्येक घराला जवळची असणारी गोष्ट. माझी आजी दहा वर्षांची होती तेव्हा तिने शेजारच्यांच्या रेडिओवर गीतरामायण ऐकले. काळाराम मंदिरापासून हाकेच्या अंतरावरचे ते घर. आपल्याच अंगणातली कथा पुण्याहून कोणी गाते आहे, याचे अप्रूप ती अजूनही सांगते. तिला गदिमा आणि बाबूजी ही नावे देवघरातल्या नावांसारखी आहेत. सीताकांत लाड हे नाव मात्र तिने माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर असलेल्या लाड यांच्या पुढाकारातून ही मालिका उभी राहिली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक असा क्रम चालला. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या छप्पन झाली. मूळ प्रसारणात सगळी गीते बाबूजींनी गायलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर, राम फाटक अशा वेगवेगळ्या आवाजांना वेगवेगळ्या पात्रांची गीते दिलेली होती. ज्यांनी फक्त बाबूजींच्या आवाजातले गीतरामायण ऐकले आहे, त्यांनी ही मूळ योजना एकदा मनात आणून पाहावी. वर्षभर दर आठवड्याला नवे काव्य, नवी चाल, तालीम आणि प्रक्षेपण हा रेटा कोणीतरी अंगावर घेतल्याशिवाय दोन प्रतिभावंतांच्या हातूनही छप्पन गीते ठरल्या वेळी पूर्ण झाली असती असे मला वाटत नाही.

परदेशातील ज्या प्रोड्युसरचे काम मी सर्वांत बारकाईने ऐकले ते जॉर्ज मार्टिन. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकलेला, ओबो वाजवणारा हा माणूस बीटल्सच्या चार तरुणांसमोर बसला, आणि त्या चौघांना स्वरलेखन येत नव्हते. १९६७ मधील ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यात मध्येच चोवीस मात्रासमूहांची (बार्सची) जागा रिकामी होती. मार्टिन यांनी चाळीस वादक बोलावले आणि त्यांना सांगितले की आपापल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून हळू सुरुवात करा आणि चोवीसावा समूह संपेपर्यंत वरच्या टोकाला पोहोचा. शेजारच्याशी जुळवून घेऊ नका. आयुष्यभर एकमेकांशी जुळवून वाजवण्याची सवय असलेल्या वादकांना हे सांगणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना वृंदगायनात गायलेल्या कोणालाही येईल. मला यात आपल्याकडची एक ओळखीची गोष्ट दिसते. चौकट पक्की ठरलेली, सुरुवात आणि सम ठरलेली, मधला मार्ग ज्याचा त्याने शोधायचा.

क्विन्सी जोन्स यांच्याविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्यांच्याविषयी सर्वत्र भरपूर लिहिलेले आहे. त्यांनी प्रोड्यूस केलेला मायकल जॅक्सनचा १९८२ चा ‘थ्रिलर’ हा अल्बम सगळ्यांना माहीत आहे. त्यापूर्वी पंचवीस वर्षे, १९५७ मध्ये, हेच जोन्स पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकायला गेले होते, ही गोष्ट मला त्या यशापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. जॅझमध्ये स्थिरावू लागलेला तरुण पुन्हा एका कडक शिक्षिकेसमोर जाऊन बसला. ‘थ्रिलर’मध्ये अवघी नऊ गाणी आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकात कोणते वाद्य केव्हा यावे आणि केव्हा गप्प बसावे याचा हिशेब इतका नेटका आहे की त्यामागची ती तालीम ऐकू येते.

आपल्याकडे ए. आर. रहमान यांच्या १९९२ च्या ‘रोजा’पासून ध्वनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली, हे सर्वमान्य आहे. पण त्या ध्वनीमागे असलेले एच. श्रीधर हे ध्वनिअभियंते २००८ मध्ये गेले तेव्हा किती श्रोत्यांना आपण काय गमावले ते कळले असेल? रहमान यांनी कॅसेटच्या वेष्टनावर वादकांची आणि तंत्रज्ञांची नावे छापण्याचा आग्रह धरला, त्याचे मोल मला फार वाटते. आज मोबाइलवर गाणे वाजते तेव्हा पडद्यावर गायकाचे नाव दिसते, क्वचित संगीतकाराचे. तबला कोणी वाजवला आहे हे शोधायला मला कधीकधी अख्खी संध्याकाळ लागते.

ज्या घटनेमुळे मी स्वतः हे काम शिकू लागले ती फारशी सुखद नाही. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका स्टुडिओत माझे पहिले ध्वनिमुद्रण झाले. मी दरबारी रागातील एक बंदिश गायले होते. दरबारीचा कोमल गंधार स्थिर उभा राहत नाही. तो रिषभाकडे झुकत संथ आंदोलत राहतो आणि त्या आंदोलनातच दरबारी आहे. आठवड्याने फाईल हाती आली तेव्हा माझा गंधार काठीसारखा सरळ झालेला होता. स्वर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर जलद गतीवर लावले की ते प्रत्येक स्वर जवळच्या ठरावीक पट्टीवर नेऊन बसवते. त्याच्या दृष्टीने मींड म्हणजे चुकलेला स्वर आणि आंदोलन म्हणजे डळमळीत गळा. मी तक्रार केली तेव्हा मला सांगण्यात आले की आता गाणे ‘स्वच्छ’ झाले आहे. मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. चार वर्षे ज्या एका स्वरासाठी बाईंनी माझ्यावर मेहनत घेतली, तो एका बटणाने पुसला गेला होता, आणि पुसणाऱ्याला आपण काही पुसले आहे याची जाणीवही नव्हती.

म्हणून माझे ठाम मत झाले आहे की गायन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ध्वनिमुद्रण ऐकण्याचे शिक्षण द्यायला हवे, आणि ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात विद्यार्थ्याला निदान दहा राग ओळखता आले पाहिजेत. गाणाऱ्याला यंत्र काय करते ते ठाऊक नसेल तर तो आपला गंधार वाचवू शकणार नाही, आणि यंत्रापाशी बसलेल्याला गंधार ठाऊक नसेल तर तो कशाला हात लावू नये हे त्याला कळणार नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. तेच साधन संथ ठेवून, एखाद्या खरोखर घसरलेल्या स्वरापुरते वापरले तर उपयोगीच पडते. मीही ते वापरते.

केसरबाई केरकरांची गोष्ट मला याच संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. ध्वनिमुद्रण आणि रेडिओ यांविषयी त्या अतिशय साशंक होत्या. तरीही त्यांनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या, पृथ्वीवरचे आवाज साठवलेल्या सुवर्ण तबकडीत गेली. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने ती सुचवली आणि तबकडीचे निर्माते टिमथी फेरिस होते. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. साडेतीन मिनिटांच्या त्या भैरवीला जेव्हा कोणीतरी तबकडीवर उतरवले, तेव्हा त्याने ती किती जपून उतरवली असेल, या विचाराने मी हातातले काम थांबवून बसते.

गेल्या रविवारी बाईंनी मला त्यांचा भूप मुद्रित करू दिला. त्या दिवसभर नकार देत होत्या, संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास म्हणाल्या, ‘बरं, लाव तुझं यंत्र.’ मी पंखा बंद केला, खिडकीवर गोधडी टाकली आणि एकच मायक्रोफोन बाईंच्या समोर ठेवला. पहिला आलाप ऐकून तो आणखी दोन वीत मागे घेतला, कारण तानपुऱ्यापेक्षा श्वास मोठा येत होता. नंतर काहीच केले नाही. मध्ये गोदाघाटाकडून घंटेचा आवाज आला, तो षड्जाच्या जवळपासचा होता आणि मी तो राहू दिला. बाईंनी हेडफोन लावून संपूर्ण ऐकले, अंतऱ्यातली एक जागा पुन्हा लावायला सांगितली आणि मग फक्त विचारले की तानपुरा धरणाऱ्या मुलीचे नाव कुठे लिहिलेस. मी राग, ताल आणि तारीख लिहिली होती, बाईंचे आणि तबलजींचे नाव लिहिले होते. तिचे राहिले होते. मी ते त्यांच्यासमोरच लिहिले.