खुलासा: नऊ मेणबत्त्यांनी अबोला मिटत नाही

नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात नऊ मेणबत्त्या लावल्या की वारलेल्या भावाशी राहिलेला अबोला मिटतो आणि तो थेट स्वर्गात जातो, असा मेसेज फिरतोय. कॅथलिक चर्चची अशी शिकवण नाही. मृतांसाठी प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) जरूर करा. 2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस त्यासाठीच आहे. पण कोण कधी स्वर्गात पोचला याची पावती कुणी देत नाही. आणि समेटाचं म्हणाल तर बायबलमधलं मत्तय 5:23-24 उघडा: अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. म्हणजे जिवंतपणी त्याचं दार वाजवायचं. भाऊ गेलाच असेल, तर फादरांकडे पापनिवेदन करा आणि वहिनीशी, पुतण्यांशी बोलणं सुरू करा.