लीनच्या नावाखाली माणसांना मीटर लावू नका

सॉफ्टवेअर टीम चालवणाऱ्यांमध्ये 'लीन'बद्दल, म्हणजे टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या नासाडी कमी करण्याच्या पद्धतीबद्दल, एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा सारांश असा: "जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही, असं गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग सांगून गेले. टोयोटाने तेच केलं. म्हणून लीन व्हायचं तर एकही डेव्हलपर रिकामा ठेवू नका, प्रत्येकाचे स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) आणि कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) मोजा, आणि रिव्ह्यू-टेस्टिंगमध्ये (सहकाऱ्याने कोड तपासण्यात आणि चाचणीत) वाया जाणारा वेळ कापा."

मोजमाप मलाही हवंय, म्हणूनच हे वाचून राग येतो. यातला एकेक दावा लीनच्या उलट दिशेने जातो आणि त्याचा त्रास काम करणाऱ्यांना होतो.

"डेमिंग सांगून गेले." नाही. 1993 च्या 'द न्यू इकॉनॉमिक्स'मध्ये डेमिंग यांनी नेमकं उलट लिहिलंय: मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही, हे मानणं चूक आहे, आणि हा भ्रम महागात पडतो. सॉफ्टवेअरमध्ये या धर्तीचं वाक्य सॉफ्टवेअर-लेखक टॉम डिमार्को यांनी 1982 मध्ये रूढ केलं. 2009 मध्ये त्यांनी स्वतःच त्यावर जाहीर फेरविचार मांडला.

"एकही डेव्हलपर रिकामा नको." खरा घोटाळा इथे आहे. टोयोटाच्या ताइइची ओहनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले. त्यात सगळ्यात वाईट ठरवलं ते गरजेपेक्षा जास्त उत्पादन. पुढच्या टप्प्याला नको असलेला माल बनवत बसण्यापेक्षा माणूस थांबलेला बरा, ही तिथली रीत. झेपणार नाही इतका भार माणसांवर किंवा यंत्रांवर टाकणं, म्हणजे 'मुरी', हाही तिथे दोषच.

गणितही हेच सांगतं. सॉफ्टवेअरमधली कामं ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाला लागणारा वेळही सारखा नसतो. अशा रांगेचं सगळ्यात साधं मॉडेल घेतलं, तर काम करणारा 80 टक्के गुंतलेला असताना नवं काम सरासरी 4 पट वेळ थांबतं, म्हणजे एक काम करायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट. 90 टक्क्यांवर 9 पट, 95 टक्क्यांवर 19 पट. 100 टक्क्यांचा हट्ट धरला की रांग वाढतच जाते.

एक तिकीट, म्हणजे नोंदवलेलं एक काम, जवळून बघा. समजा, लॉगिनच्या पानावरची एक चूक दुरुस्त करायची आहे. सोमवारी डेव्हलपरने 3 तासांत कोड लिहिला. रिव्ह्यू करणारी स्वतःच्या तिकिटांत बुडालेली, म्हणून पुल रिक्वेस्ट (कोड तपासून सामील करण्याची विनंती) बुधवारपर्यंत पडून राहिली. तिने अर्ध्या तासात पाहून एक बदल सुचवला. तोवर डेव्हलपर दुसऱ्या कामात अडकलेला, त्यामुळे बदल शुक्रवारी झाला. टेस्टिंगला नंबर लागला पुढच्या मंगळवारी आणि रिलीज गुरुवारी. प्रत्यक्ष काम सगळं मिळून 6 तासांच्या आतलं, पण दुरुस्ती पोहोचायला गेले 10 दिवस. या 10 दिवसांत टीममधलं कोणीही रिकामं नव्हतं! माणसांची व्यस्तता मोजणाऱ्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार दिसेल. तिकीट कुठे पडून होतं, ते तिथे कधीच दिसणार नाही.

यावरचा उपाय जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमात आहे: सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात असलेली कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग. आठवड्याला 5 तिकिटं पूर्ण होत असतील आणि 30 उघडी असतील, तर एकाला सरासरी 6 आठवडे लागतात. वेग तोच ठेवून उघडी तिकिटं 10 वर आणली तर 2 आठवडे. कानबान बोर्डवरच्या (कामं टप्प्यानुसार मांडलेल्या फळ्यावरच्या) रकान्यांना मर्यादा घालतात ती यासाठी.

"प्रत्येकाचे पॉइंट आणि कमिट मोजा." 1982 मध्ये अ‍ॅपलच्या लिसा या संगणकाच्या प्रकल्पात दर आठवड्याला कोडच्या किती ओळी लिहिल्या, याचा फॉर्म भरून घेत. तिथले प्रोग्रॅमर बिल अ‍ॅटकिन्सन यांनी क्विकड्रॉ या ग्राफिक्स प्रणालीतला एक भाग नव्याने, सोपा आणि कितीतरी वेगवान लिहिला होता. त्यात जवळपास 2000 ओळी कमी झाल्या, म्हणून फॉर्मवर त्यांनी उणे 2000 लिहिलं. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं.

स्टोरी पॉइंट तर टीमचा आपापसातला अंदाज. त्यावर मूल्यमापन लटकवलं की 3 चं तिकीट 5 चं होतं, आणि सहकाऱ्याच्या अडलेल्या कामाला हात लावणं तोट्याचं ठरतं. याला माणसांचा खोटेपणा म्हणू नका. ज्यावर पोट अवलंबून आहे तो आकडा कोणीही जपणारच.

"रिव्ह्यू-टेस्टिंग कापा." साकिची टोयोडा यांचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवरही कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. दोष पुढे जाऊ न देणं हा लीनचा पायाच आहे. रिव्ह्यूसाठी ताटकळणं ही नासाडी खरी, आणि सगळं टेस्टिंग शेवटी साठवणंही. म्हणून बदल लहान ठेवा, टेस्ट ऑटोमेट करा. तपासणीच काढून टाकली तर ते दोष प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांच्या हातात, सापडतील.

मग मोजायचं काय? कोड तयार झाल्यापासून तो चालू व्हायला लागलेला वेळ, डिप्लॉय (नवा कोड चालू करणं) किती वेळा होतं, त्यातले किती बिघडतात, बिघाड किती वेळात निस्तरतो. हे चारही आकडे टीमचे असावेत आणि टीमने स्वतः बघावेत. सुरुवातीला टूलही विकत घ्यायला नको. शेवटची पूर्ण झालेली 20 तिकिटं उघडा, प्रत्येकाच्या प्रत्येक टप्प्याची तारीख लिहून काढा, आणि सगळ्यात मोठा खड्डा कोणत्या दोन तारखांमध्ये पडतो ते टीमसोबत बसून पाहा.