तयारीबद्दल अजून लिहायला हवं होतं

आयव्हीपीवरचा (शिरेतून औषध देऊन किडनी आणि लघवीच्या मार्गाचे एक्स-रे फोटो काढतात ती तपासणी) हा लेख चांगला आहे, पण तिच्या तयारीबद्दल फक्त 'आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध घ्या' एवढंच लिहिलंय, ते अपुरं वाटलं. तपासणीआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती नीट चालतेय ते यावरून कळतं) बघणं फार गरजेचं आहे, कारण हाताच्या शिरेतून दिलेलं आयोडीनवालं औषध किडनीच गाळून बाहेर टाकते, आणि तीच कमजोर असेल तर फोटोही धड येत नाहीत आणि किडनीवर ताण येतो तो वेगळाच. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल, पूर्वी कधी अशा इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली असेल, दमा असेल, दिवस गेल्याची शंका असेल तर हे सगळं विचारायची वाट न बघता आधीच सांगा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

इंजेक्शन गेलं की अंगातून एकदम गरम लाट गेल्यासारखं होतं, तोंडात लोखंडासारखी चव येते, ते एक-दोन मिनिटांत जातं, घाबरू नका. पण अंगाला खाज, पित्त उठणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर लगेच तिथल्या माणसाला सांगायचं, लाजत बसायचं नाही.

आणि लघवी करून आल्यावरचा शेवटचा फोटो टाळू नका हो, मूत्राशयात लघवी उरतेय का ते त्यातच कळतं. आता नुसत्या खड्यासाठी बहुतेक ठिकाणी साधा सीटी करतात, त्याला हे इंजेक्शन लागतच नाही, तेव्हा आयव्हीपी कशासाठी लिहून दिलीय हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा.