मॅडम, पब्लिकच आहे तो आयपी

ज्यांच्या घरात जीएसटीचं काम चालतं त्यांना २० तारीख म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. थ्री-बीचा, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायचा, शेवटचा दिवस. माझे निम्मे क्लायंट वाशीच्या एपीएमसीतले, मसाला आणि सुक्यामेव्यावाले. आकडे पाठवणार १९ च्या रात्री, तेही कागदाचा फोटो काढून. आणि त्या २० तारखेला, संध्याकाळी पावणेनऊला, घणसोलीतल्या माझ्या घरात इंटरनेटचा वेग किती? १.४ एमबीपीएस. प्लॅन १०० चा. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला निदान २ तरी हवेत, असं सरकारने २०२३ मध्येच ठरवलंय. म्हणजे मी पैसे भरत होते ते नेमके कशाचे?

केबलवाल्याला फोन लावला. पहिला प्रश्न, राउटर बंद करून चालू केला का. केला, बाबा, तीनदा केला. दुसरा प्रश्न, घरात मोबाईल किती? म्हटलं पाच, एक टीव्ही, माझा कॉम्प्युटर. "मग मॅडम, लोड येणारच." लोड येणारच! जणू मी बेडरूममध्ये पिठाची गिरणी टाकलीय. सासूबाई एक मालिका बघतात, मुलगा गेम खेळतो, नवरा तेव्हा अजून ट्रेनमध्ये असतो. यात लोड कुठला?

मग त्याने उपाय सांगितला. "दुसरा आयडी, म्हणजे दुसरं कनेक्शन घ्या. वेगळा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा वेगळा पत्ता मिळेल. तुमचं काम एकावर, घरचं दुसऱ्यावर. एकात एक मिसळणार नाही." सासू-सुनेच्या चुली वेगळ्या करून देतोय अशा थाटात समजावलं हो! आणि मी, जी लोकांचे हिशेब पै-पैने तपासते, ती भुलले. महिना ६०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पावतीवर जीएसटी नंबर नाही. मला दिली ती पावती, मला!

केबलवाल्याकडचा मुलगा आला, आत येणाऱ्या त्याच निळ्या वायरच्या टोकाला एक छोटी डबी लावली, डबीतून दोन वायरी काढल्या, दोन राउटरला जोडल्या. झाले दोन आयपी. दुपारी तीनला तपासलं, पहिल्यावर ९४. दुसऱ्यावर ९४. मी खूश. मग सहज दोन्ही एकदम तपासले. ४७ आणि ४७.

एका नळाला दोन तोट्या लावल्या म्हणून पाणी दुप्पट येत नाही, हे आमच्या सोसायटीतल्या कामवाल्या मावशींनाही कळतं. आयपी हा नुसता पत्ता आहे. दाराला दोन पाट्या लावल्या म्हणून घराला आणखी एक खोली फुटते का? वेग ठरतो तो वायरीवर, वायर जिथे जाते त्या स्विचवर (एका वायरीतून घराघरांत इंटरनेट वाटणारा डबा) आणि त्या स्विचला मागून किती मिळतं त्यावर. हे मला आधी माहीत नव्हतं. रागाने वाचून काढलं सगळं.

आणि रागानेच गच्चीवर गेले. वॉचमनकाकांकडून किल्ली घेतली, लिफ्टच्या खोलीशेजारची पत्र्याची पेटी उघडली. (कुलूप नाही, तार गुंडाळलेली. पावसात पाणी जाऊ नये म्हणून वर साबुदाण्याची पिशवी.) आत आठ तोंडांचा स्विच. एका तोंडातून वायर आत येते, सातांतून सात घरांना जाते. अंगावर छापलेलं: १०/१००. म्हणजे त्या डब्याचं कुठलंच तोंड १०० एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही. आत येणारंही नाही. सात घरांना प्रत्येकी १०० विकलेत, आणि सातांमध्ये मिळून एक १००. माझ्याकडून तर दोनदा घेतले. एकच फ्लॅट सात जणांना विकणाऱ्या बिल्डरला पोलीस उचलून नेतात. याच्याकडे आपण दर महिन्याला गुगल पे करतो.

वाटून घ्यायला माझी ना नाही, हे स्पष्ट सांगते. घरगुती इंटरनेट जगात सगळीकडे वाटूनच चालतं. दूरसंचार नियामक ट्रायने २००९ मध्येच घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नासपर्यंतची वाटणी धरली होती. सगळे एकाच क्षणी नळ सोडत नाहीत, हे गणित मला मान्य आहे. पण मागची टाकी तेवढी मोठी हवी ना! आणि वाटणी आहे तर वाटणी म्हणा. "मॅडम, डेडिकेटेड आहे" हे कशाला?

वेगाची तक्रार केली की यांचा एक ठरलेला खेळ असतो. मुलगा येतो, स्वतःच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट लावतो, सर्व्हर निवडतो यांचाच, आणि दुपारी बारा वाजता ९६ दाखवून म्हणतो, "येतंय की!" अरे, ते तुझ्या ऑफिसपासून माझ्या घरापर्यंत. घणसोलीतल्या घणसोलीत. संध्याकाळच्या ठाणे-वाशी ट्रेनला गर्दी नसते हे पटवायला दुपारी रिकाम्या फलाटावर फेऱ्या मारून दाखवण्यासारखं झालं.

आता पब्लिक आयपीचं. मला तुर्भ्याला क्लायंटच्या गाळ्यात बसून घरचा कॉम्प्युटर उघडायचा असतो. त्यासाठी बाहेरून घरापर्यंत पोचेल असा स्वतःचा पत्ता लागतो. त्याला विचारलं, हा दुसरा आयपी पब्लिक आहे ना? तर म्हणतो, "हो मॅडम, पब्लिकच आहे. सगळी पब्लिक हाच वापरते."

मी दोन मिनिटं फोन कानाला धरून नुसती बसले. कारण न कळता तो अगदी खरं बोलला होता. राउटरच्या पानावर पत्ता दिसत होता १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये खास याचसाठी राखून ठेवलाय, कंपनीच्या आतल्या आत वाटायला. बाहेरच्या जगाला तो दिसतच नाही. बाहेर दिसतो एकच पत्ता, आणि त्याच्यामागे शेकडो घरं. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, हे मला समजतं. पण मग नवे, आयपीव्ही६ चे द्या! ते इतके आहेत की मोजता मोजता दमाल. मोबाईलवर कधीचे चालू आहेत. तर म्हणे, "ते कंपन्यांना लागतं."

परिणाम काय, तर काहीही शोधायला गेलं की आधी सिग्नलचे खांब ओळखा, मग झेब्रा क्रॉसिंग ओळखा. आमच्याच पत्त्यामागचा कुणीतरी दिवटा नको ते उद्योग करतो आणि माणूस असल्याचा पुरावा मी द्यायचा, तोही २० तारखेला. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे अख्खं घणसोली जळतंय.

लग्नाआधी नौपाड्यात बाबांकडे केबलचं इंटरनेट होतं तेव्हा उलटा जाच होता. एका कॉम्प्युटरचा नंबर बांधून ठेवायचे, दुसरा जोडला की बंद. जास्तीचा आयपी म्हणजे जास्तीचे पैसे. वीस वर्षांत एवढीच प्रगती, की तेव्हा पैसे घेऊन खरा आयपी तरी द्यायचे.

सगळ्यात जास्त कशाने चिडचिड होत असेल तर रिक्षाने महापेला जाताना. दोन्हीकडे डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारती, ऐरोली-रबाळेपर्यंत तेच. देशभरातला डेटा आमच्या दाराशी येऊन बसलाय आणि माझी १२ केबीची फाइल गोल गोल फिरतेय. दुसरी कंपनी घ्यावी तर सोसायटीने पाइपातून वायर टाकायची परवानगी एकालाच दिलीय. का, ते कमिटीला विचारा. मी विचारलं. पुढच्या सभेत घेऊ म्हणाले.

शेवटी दुसरा आयडी बंद करा, दोन महिन्यांचे पैसे परत द्या म्हणून सांगितलं. हसला. "पैसे नाही येणार परत, मॅडम. ती डबी राहू दे तुमच्याकडे."

डबी उलटी करून बघितली. खाली छापलंय: १०/१००.