कोकणात ‘एअर कूलर’ चालत नाही म्हणे! कुठला?

महिनाभर एक मेसेज आमच्याकडे फिरतोय. मला तो तीन ग्रुपवर आला आणि चौथ्यांदा भाच्याने पाठवला, खाली प्रश्न टाकून: “मामा, लिक्विडच घेव काय?” गोषवारा असा: कोकणातल्या दमट हवेत पीसीच्या प्रोसेसरवरचा (म्हणजे मुख्य चिपवरचा) पंख्याचा एअर कूलर काम करत नाही, म्हणून ओव्हरक्लॉक करायचं (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायचा) तर पाणी खेळवणारा लिक्विड कूलरच घ्या, लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षाही थंड ठेवतो, खोक्यावरचा वॅटचा आकडा प्रोसेसरच्या टीडीपीपेक्षा (कंपनीने सांगितलेल्या उष्णतेच्या आकड्यापेक्षा) मोठा असला की डोळे मिटून घ्या, 80 अंशांच्या वर गेला की प्रोसेसर जळतो, आणि लिक्विडला देखभाल लागत नाही. शेवटी ‘जनहितार्थ’ असंही आहे.

मी मालवणात लोकांचे पीसी जोडून देतो, त्यामुळे हे माझ्या दारात येणारच होतं. एकेक घेतो.

दमट हवा. हा मुद्दा कुठून आला असेल याचा मी बराच विचार केला, आणि मला वाटतं सगळा घोळ नावाचा आहे. नागपूरकडे उन्हाळ्यात खिडकीला जो कूलर लावतात, वाळ्याचे पडदे आणि पाण्याची टाकी असलेला, तो मालवणात खरंच चालत नाही. त्याचं सगळं काम पाण्याच्या बाष्पीभवनावर. आपल्या हवेत आधीच इतकं पाणी, की त्यात आणखी वाफ जायला जागा नाही. मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही ना, तेच कारण. पण प्रोसेसरवरच्या एअर कूलरला घाम येत नाही. तिथे गरम धातूवरून वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो, बस. त्या वाऱ्यात आर्द्रता 40 टक्के आहे की 90, याने धातूला लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. प्रोसेसरला कळतं ते थर्मामीटरवरचं तापमान. ते आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये 33-34 पर्यंत जातं, तर नागपूरचा पारा 43-44ला टेकतो. म्हणजे एअर कूलरच्या दृष्टीने कोकण विदर्भापेक्षा बरं. आपण घामाघूम होतो म्हणून आपला प्रोसेसरही होत असेल, हे आपलं प्रेम झालं.

गंमत म्हणजे एअर कूलरच्या पोटातही पाणी असतं. ते तांब्याचे पाइप दिसतात ना, ते भरीव नसतात. आतली हवा काढून थोडं पाणी घालून ते सीलबंद करतात. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती वर जाळीकडे जाऊन उष्णता सोडते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि पाइपाच्या आतल्या सच्छिद्र थरातून झिरपत खाली येतं. ना पंप, ना नळी. तेव्हा पाण्याशिवाय ज्यांचं समाधान होत नाही, त्यांनीही एअर कूलर घ्यायला हरकत नाही.

खोलीपेक्षा थंड? नाही. लिक्विड कूलरमधलं पाणी शेवटी रेडिएटरमध्ये जातं आणि त्या रेडिएटरवरून खोलीतलीच हवा फिरते. खोली 33ला असेल तर पाणी 33च्या खाली जाईल कशाने? आत फ्रीज बसवलेला नाही. खोली सहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तितकाच तापतो, मग वर काहीही लावा. माझ्याच मशीनवर दुपारी कौलाखालच्या खोलीत 84 दिसायचे, रात्री एसी लावून खोली 27वर आणली की 78. कूलर तोच, सेटिंग तेच.

खरोखर खोलीपेक्षा थंड करणारी साधनं असतात, विजेवर चालणारी पेल्टियर चकती लावलेली. ती आपल्याकडे तर अजिबात नकोत. पावसाळ्यात 28 अंशांच्या हवेत 90 टक्के आर्द्रता असली की 26 अंशांच्या वस्तूवरही दव धरायला लागतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं, तसं ते मदरबोर्डवर सुटेल. साध्या एअर किंवा लिक्विड कूलरला ही भीती नाही, कारण मशीन चालू असताना ते हवेपेक्षा गरमच असतात.

आता वॅटचा आकडा. इथे मेसेज नुसता चुकत नाही, पैसे घालवायला लावतो. कूलरच्या खोक्यावरच्या वॅटना सर्वमान्य मोजमाप नाही, कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. प्रोसेसरचा टीडीपीही फसवा. रायझन 5 5600एक्सवर 65 वॅट लिहिलेले असतात, पण मूळ सेटिंगवरच तो 76 वॅटपर्यंत घेतो. कोअर आय5 13600केचा आकडा 125, पण टर्बोमध्ये, म्हणजे जोर लावला की, 181. आणि हे सगळं ओव्हरक्लॉक करण्याआधी!

ओव्हरक्लॉकिंगचा हिशोब साधा आहे. उष्णता प्रोसेसरच्या (गिगाहर्ट्झमधल्या) वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा 4.3 गिगाहर्ट्झवरून 4.7 केलात आणि ते टिकावं म्हणून व्होल्टेज 1.20वरून 1.35 केलंत. वेग वाढला नऊ टक्के. व्होल्टेजचा वर्ग झाला 1.27 पट. दोन्ही मिळून उष्णता 1.38 पट, म्हणजे 76 वॅटचे 105. नऊ टक्के वेगासाठी अडतीस टक्के जास्त उष्णता. म्हणून मी लोकांना आधी विचारतो, व्होल्टेज किती वाढवणार? 105 वॅटला दोन पंख्यांचा, सहा पाइपांचा बऱ्यापैकी टॉवर (उभा एअर कूलर) पुरून उरतो. कोअर आय9 13900के घेऊन त्याला 253 वॅटच्या वर न्यायचं असेल, तर मात्र 360 मिलीमीटर रेडिएटरचा लिक्विड घ्या, तिथे मी वाद घालणार नाही. पण हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत आय9वाले किती? माझ्याकडे येणाऱ्यांतल्या एकाने तर आय5 12400 घेऊन विचारलं होतं, ओव्हरक्लॉकला कुठला कूलर लावू. इंटेलमध्ये नावात ‘के’ नसेल तर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) सहसा कुलूपबंद असतो. तिथे कूलर नाही, प्रोसेसरच बदलावा लागतो.

80ला जळतो म्हणणाऱ्याने 5600एक्सची मर्यादा बघावी: 95. इंटेलच्या 13व्या पिढीची 100. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद पडते. रायझन 7000बद्दल तर एएमडीनेच सांगितलं होतं की भरपूर कामात तो 95वर राहणं ही रचनाच आहे. भीती बाळगायची तर व्होल्टेजची बाळगा. 2024मध्ये इंटेलचे 13व्या-14व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर अस्थिर होण्याच्या तक्रारी गाजल्या, तेव्हा कंपनीने दिलेल्या कारणाच्या केंद्रस्थानी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजच होतं.

देखभाल लागत नाही, हे वाचून हसू आलं. लिक्विडमध्ये पंप आहे, तो झिजतो. नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं कणाकणाने उडून जातं आणि बहुतेक मॉडेलमध्ये ते पुन्हा भरता येत नाही. पंप गेला की सगळंच टाकायचं. टॉवरचा पंखा गेला तर 120 मिलीमीटरचा कुठलाही आणून क्लिपा अडकवल्या की झालं. मुंबईत दोन्ही गोष्टी दुसऱ्या दिवशी मिळतात. इथे कुरिअर कधी येईल ते घाट आणि पाऊस मिळून ठरवतात.

मेसेज लिहिणाऱ्याला कोकणाची चिंता होती, तर त्याने खाऱ्या वाऱ्याबद्दल लिहायला हवं होतं. आपला खरा शत्रू तो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच धुळीबरोबर आत गेलेलं मीठ बोर्डवर करतं: ओलावा धरून ठेवतं आणि धातू खातं. लिक्विड घेऊन यातून सुटका नाही, रेडिएटरची जाळीही ॲल्युमिनियमचीच. उलट टॉवर घेताना निकेलचा मुलामा असलेला मिळाला तर बघा. समुद्राकडच्या खिडकीत कॅबिनेट ठेवू नका, पुढच्या जाळीला फिल्टर लावा, महिन्यातून एकदा ब्रश फिरवा. आणि मशीन महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालली की आतला ओलावा उडतो. तौक्ते वादळानंतर, मे 2021मध्ये, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर मी कॅबिनेट उघडलं तर स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज, पंखा हाताने फिरवला तर करकरला. कूलरच्या पाइपांना काही झालं नव्हतं.

(प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायच्या पेस्टबद्दल मेसेजमध्ये काही नाही म्हणून मीही लांबवत नाही. वाटाण्याएवढी पुरते. आणि कूलरच्या बुडाला चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक सोला. दुकानातून जोडून आलेल्या दोन मशीनवर मला ते तसंच सापडलं आहे. दोन्हींचे मालक लिक्विडची चौकशी करत आले होते.)

भाच्याला मी उत्तरात एवढंच लिहिलं: “आधी फूटपट्टी घेवन ये.” कारण मेसेजमध्ये एक आकडा नव्हता, तो म्हणजे उंची. चांगले टॉवर 155 ते 165 मिलीमीटर उंच असतात. त्याने फूटपट्टी आणली नाही, टॉवरच मागवला, 155चा. कॅबिनेटमध्ये जागा 150ची. ओव्हरक्लॉक झालाय, मशीन झकास चालते, फक्त बाजूचं झाकण बसत नाही. नवीन कॅबिनेट कुरिअरने येईपर्यंत ते झाकण पडवीत भिंतीला टेकवून ठेवलंय, आणि उघड्या बाजूला त्याच्या आईने मच्छरदाणीचा तुकडा चिकटपट्टीने लावलाय.