काखोव्काचे कारण कोण शोधणार?

माझा पुण्याचा चुलतभाऊ, ज्याला मी जन्मभर दादा म्हणत आलो, तीस वर्षे पाटबंधारे खात्यात होता. युक्रेनमधले काखोव्का धरण फुटले तेव्हा ते कोणी फोडले यावर घरच्या ग्रुपवर वाद पेटला आणि दादाने निकाल देऊन टाकला की रशिया आणि युक्रेन दोघेही खोटे बोलतात, युद्धात धरण का फुटले हे कधीच कळत नसते, उगाच डोके शिणवू नये. सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला. मी नेदरलँड्समधून विरोध केला तेव्हा उत्तर आले, "तुला तिकडचे पाणी लागले." ते वाक्य मला अजून बोचते आहे.

दादाचे तांत्रिक म्हणणे मी डावलत नाही. ६ जून २०२३ च्या पहाटे हे धरण गेले, त्याआधीच ते जखमी होते. २०२२ मध्ये युक्रेनने त्यावरच्या पुलावर मारा केला होता, नोव्हेंबरात माघार घेताना रशियन फौजेने त्याचा काही भाग उडवला होता, आणि मे २०२३ मध्ये जलाशयाची पातळी कित्येक वर्षांत नव्हती इतकी चढून पाणी दारांवरून वाहत होते. तेव्हा सततच्या प्रवाहाने पायथ्याची झीज होऊन धरण आपोआप बसले असेल, ही शंका अभियंत्याला शोभणारी आहे. पण नॉर्वेच्या नॉरसार या संस्थेच्या भूकंपमापकांनी त्या पहाटे २ वाजून ५४ मिनिटांच्या सुमारास स्फोटासारखा धक्का टिपला होता. पाणी उतरल्यावर काँक्रीटचा पायाच फुटलेला दिसला, आणि नुसते वरून वाहणारे पाणी एवढा भक्कम पाया असा फोडील हे अनेक जाणकारांना पटले नाही. पायाच्या आत तपासणीसाठी बोगद्यासारखी वाट असते. धरण ज्याच्या ताब्यात असते त्यालाच तिथे निवांत उतरता येते, हे दादाला मी सांगायला नको. ताबा रशियाकडे होता. आणि धरण स्फोटाविना पडले असे मानले तरी दारे उचलणाऱ्या क्रेन कोणाच्या हाती होत्या आणि पाणी एवढे चढू कोणी दिले, हे प्रश्न त्याच दारात जाऊन थांबतात.

खरी गोष्ट पुढची आहे. धरण फुटण्याच्या बरोबर आठवडाभर आधी, ३० मे २०२३ रोजी, रशियन सरकारने एक आदेश काढला. ताब्यातल्या प्रदेशात लष्करी कारवाई, घातपात किंवा दहशतवादी कृत्यामुळे जलबांधकामांना अपघात झाला, तर त्याची तांत्रिक चौकशी १ जानेवारी २०२८ पर्यंत करायची नाही, असे त्यात म्हटले होते. एवढा एक कागद धरण कोणी फोडले हे सिद्ध करत नाही. पण "कळत नाही" म्हणणाऱ्याने तो निदान वाचायला हवा, कारण इथे कळू न देण्याची तजवीज लेखी आहे.

मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात येऊन गेला आहे. १७ जुलै २०१४ रोजी एमएच १७ हे मलेशियाचे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर पाडले गेले, २९८ माणसे मेली, त्यांतली १९६ इथली. अवशेष युद्धभूमीत पडले होते आणि तपासनीसांना तिथे धड पोचताही येत नव्हते. तरीही तुकडे गाडीत घालून आणले गेले, लष्करी विमानतळावरच्या हँगरमध्ये विमानाचे नाक पुन्हा जोडले गेले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी धरले व चौथ्याला सोडले. तो चौथा सुटला म्हणून उरलेल्या निकालावर माझा विश्वास बसतो. ऑक्टोबर १९४४ मध्ये वेस्टकापेले या डच गावाचा समुद्री बांध दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बनी फुटला आणि गावातली माणसे बुडाली, हेही इथे कोणी लपवत नाही. मी हे सांगितले की घरी वाटते मी इथली फुशारकी मारतो आहे, आणि खरे सांगायचे तर थोडी मारतोही, कारण २०१९ मध्ये चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटल्यावर आपल्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले होते, ते मला अजून गिळता आलेले नाही.

पण मला एक कबुली द्यायची आहे. त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या सहकाऱ्याने विचारले, "तुमच्या गावचे धरणही फुटले होते ना, कशाने?" मी पानशेतबद्दल दहा मिनिटे बोललो. १२ जुलै १९६१, जवानांनी रात्रभर रचलेली वाळूची पोती, आजीने गच्चीवर काढलेला दिवस, भिंतीवरची पुराची खूण. कारण मात्र मला सांगता आले नाही. पुण्याचा म्हणून मिरवताना ते मी कधी विचारलेच नव्हते.

त्या रात्री मी दादालाच विचारले. दहा मिनिटांत त्याने वहीच्या पानावर काढलेल्या आकृतीचा फोटो पाठवला. भरावाखालून जाणारा विमोचक म्हणजे पाणी सोडण्याचा मार्ग, त्याला आरसीसीऐवजी वापरलेले साधे काँक्रीटचे ब्लॉक, अपुरे राहिलेले काम आणि तरीही साठवलेले पावसाचे पाणी, विमोचकावरचा खचत गेलेला भराव, सगळे बाण काढून. खाली लिहिले होते की न्यायमूर्ती बावडेकर चौकशी पुरी होण्याआधीच गेले, मग नाईक आयोग नेमावा लागला.

मी त्याला लिहिले, "दादा, हे तुला कळले, कारण कोणीतरी खुर्ची टाकून साक्षी घेतल्या. काखोव्काची खुर्ची २०२८ पर्यंत उचलून ठेवली आहे." त्याने संदेश वाचल्याची खूण दिसली, उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी ते पान छापून मी सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवले आणि त्यातला एकेक बाण त्याला समजावून सांगितला.